विमानाची लेन्स आणि गयाबाईंचे डोळे

आमच्या उस्तादांचे डोळे एके काळी नगर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर होते. हे वाक्य मी मुद्दामच आधी लिहिलं. फोटोच्या धंद्यातलं काहीतरी लिहून द्या, अशी संपादकांनी गळ घातली, तेव्हा लग्नं, मिरवणुका, पुढाऱ्यांच्या गळ्यातले हार यांतलं काहीच आठवलं नाही. आठवले ते हे डोळे. मग त्यांच्यापासूनच सुरुवात केलेली बरी.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या, आमच्या भाषेत लढाईच्या, शेवटच्या आणि त्यानंतरच्या वर्षांतली. कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका माडीवर दादामियाँचा स्टुडिओ होता. सगळं नगर त्यांना उस्ताद म्हणायचं आणि मी त्यांचा शागीर्द. माडीचं उत्तरेकडचं अर्धं छप्पर काचेचं होतं, कारण विजेच्या दिव्यांवर आमचा भरवसा नव्हता आणि दिव्यांचाही आमच्यावर नव्हता. उस्तादांकडे एक जुनी पितळी लेन्स होती. रोज सकाळी ते ती मऊ फडक्याने पुसत, मग चहा घेत. चहाचा क्रम कधी बदलला नाही.

त्या काळात खेड्यातला माणूस आयुष्यात फार तर दोनदा फोटोत यायचा. एकदा लग्नात आणि एकदा मेल्यावर. यातला दुसरा फोटो आम्हाला सोपा जायचा. आमची लेन्स उजेड हळूहळू पिणारी, त्यामुळे समोरच्या माणसाने दोनतीन अंक मोजेपर्यंत श्वास धरून बसायचं असे. मेलेलं गिऱ्हाईक हलत नाही, ही धंद्याच्या दृष्टीने मोठीच सोय होती. जिवंत माणसांच्या मानेमागे आम्ही लोखंडी चिमटा लावत असू. जुन्या फोटोतली माणसं एवढी गंभीर का दिसतात, असं माझी नात मला विचारते. गंभीर कसली, बिचारी चिमट्यात होती.

तर मेलेल्या माणसाला घरचे लोक खुर्चीत बसवत, फेटा बांधत, अंगावर उपरणं घालत आणि आम्ही फोटो काढत असू. एकच अडचण राहायची. डोळे मिटलेले असत. "उस्ताद, तेवढं डोळं उघडून द्या," असं घरचे सांगत. मग उस्ताद त्या फोटोची कागदावर मोठी प्रत काढत आणि मिटलेल्या पापण्यांवर ब्रशने डोळे रंगवत. त्या माणसाला जिवंतपणी पाहिलेलं नसल्यामुळे डोळे आणायचे कुठून? तर टेबलावरच्या हातआरशातून. उस्ताद आरशात बघत आणि दिसेल ते रंगवत. त्यांचे डोळे जरा थकलेले, वरच्या पापण्या जड आणि डावा उजव्यापेक्षा किंचित बारीक. जिल्ह्यातले कित्येक पाटील, सराफ, हवालदार आणि दोन-चार कीर्तनकारसुद्धा मेल्यानंतर उस्तादांच्या नजरेने जगाकडे बघू लागले. कुणाची तक्रार आली नाही. घरच्यांना उघडे डोळे हवे असत, ते मिळत.

तक्रार घेऊन आल्या त्या गयाबाई.

राहुरीकडच्या एका खेड्यातली ही शेतकरी बाई, साठी उलटलेली, अंगाने काटक. बरोबर मुलगा किसन आणि त्याच्या काखेत धोतरात गुंडाळलेली फ्रेम. बाई जिना चढून आल्या, चटईवर बसल्या, पाणी प्याल्या आणि त्यांची नजर उस्तादांवर गेली. ती तिथेच खिळली.

"किसन्या, सोड ते फडकं," त्या म्हणाल्या.

फ्रेममध्ये त्यांचे यजमान होते. वर्षभरापूर्वी वारले तेव्हा उस्तादच गावी जाऊन फोटो काढून आले होते, पण त्या रडारडीत बाईंनी उस्तादांना पाहिलेलं नव्हतं. आता त्या एकदा फ्रेमकडे, एकदा उस्तादांकडे बघू लागल्या.

"व्हय, ह्योच त्यो. बग किसन्या, डावा बारीक हाय का न्हाई?"

"काय झालं, माई?" उस्तादांनी विचारलं.

"काय झालं? तूच माज्या भिताडावर बसून ऱ्हायलाय, आन् मलाच इचारतो व्हय?"

किसनने मान खाली घातली. मी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाच्या आत शिरलो आणि तिथे पोटभर हसून घेतलं. बाहेर आलो तेव्हा बाई उस्तादांना समजावून सांगत होत्या.

"मालकाचं डोळं घारं हुतं रं भाऊ. हसलं की बारीक व्हायचं. हे तर तुजं डोळं. वाईट हायेत असं न्हाई, पर परक्या मानसाचं हायेत. सांजच्याला केसाला तेल लावाया बसलं की वाटतंय, घरात कोन तरी आलंय. डोईवरचा पदर ढळू देता येत न्हाई मला. माज्याच घरात!"

उस्तादांनी कान धरला. "चुकलं, माई. पुसून टाकू?"

"पुसून काय आंधळं करतो त्यास्नी? त्येंचं ऱ्हाऊ दे. तू माजा फोटू काढ. मी जित्ती हाय तवर, माज्या डोळ्यांसकट. मी गेल्यावर ह्यो किसन्या तुलाच बलावनार आन् तू मला बी तुजंच डोळं लावनार. मंग आमी नवराबायको दोगं तुज्या डोळ्यानं एकमेकाकडं बगत बसायचं का?"

उस्तादांनी लगेच कॅमेरा मांडला. पण खरी अडचण तेव्हा कळली. बाईंची मान हलायची. वयाने येतो तो कंप, डावीकडून उजवीकडे, सारखा, कुणाला तरी नकार देत असल्यासारखा. आमच्या लेन्सपुढे हे म्हणजे संकटच. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर उमटायचा. पहिल्या काचेवर बाईंना दोन नाकं आली. दुसऱ्यांदा चिमटा लावला, तर लोखंड मानेला टेकताच त्या उसळल्या. तिसऱ्या वेळी सगळा चेहरा बऱ्यापैकी आला, फक्त डोळ्यांच्या जागी काजळ फासल्यासारखा पट्टा. जे हवं होतं तेच नेमकं नाही.

"ऱ्हाऊ दे की आये," किसन हळूच म्हणाला. "मागनं बगू."

"मागनं म्हंजी कवा, ते कळतंय मला," बाई म्हणाल्या. त्या उठल्या आणि जिन्याजवळ थांबून उस्तादांना म्हणाल्या, "काय तरी कर भाऊ. पर बिगीनं कर. मी काय तुज्यासाटी थांबनार न्हाई."

"माई, तुमचे डोळे मी रंगवणार नाही," उस्ताद म्हणाले. "जिवंतपणी घेईन. शब्द देतो."

शब्द दिला खरा, पण त्या दिवसापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्यांनी हातआरसा पालथा घालून ठेवला. मयताच्या फोटोचं काम आलं की डोळे मिटलेलेच बरे दिसतात, असं सांगायला लागले.

मग लढाई संपली आणि लष्कराचा उरलेला माल डिस्पोजलमध्ये, म्हणजे लिलावात निघाला. तंबू, बूट, पाण्याच्या बाटल्या, टेलिफोनची वायर, काय वाटेल ते. त्या हिवाळ्यात अर्धं नगर खाकी घालून हिंडत होतं. भिंगारच्या एका भंगारवाल्याकडे मी कॅमेऱ्याचं काही मिळतं का म्हणून रोज डोकवायचो. एक दिवस त्याने पोत्यातून नारळाएवढी एक काळी, जड वस्तू काढली. लेन्स होती. विमानाच्या पोटात बसवून आकाशातून शत्रूचे पूल आणि रस्ते टिपायची. मी ती उजेडाकडे धरली. एवढ्या मोठ्या तोंडाची काच मी आयुष्यात पाहिली नव्हती.

फोटोतलं न कळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. अंगणात पावसात एक तांब्या ठेवा आणि एक परात ठेवा. परातीत पाणी किती पटकन साठतं, ते बघा. लेन्सचं तसंच आहे. तोंड मोठं असलं की उजेड भसाभस आत येतो, त्यामुळे माणसाने श्वास धरून बसायचं कारण उरत नाही. लेन्सच्या तोंडावर कापडी पडद्याचं शटर बसवायचं, रबरी फुगा दाबायचा, पडदा सर्रकन खाली. संपलं काम. पण परातीतलं पाणी उथळ असतं, हेही लक्षात ठेवा. ही लेन्स उघड्या तोंडाने वापरली की तिला खोलवरचं दिसत नाही. डोळे स्पष्ट आले तर कान धूसर, आणि नाक स्पष्ट आलं तर डोळे धुक्यात.

उस्तादांनी लेन्स हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "आसमानातून पूल शोधणारी काच तू माणसाच्या तोंडाला लावणार?" असं म्हणून ते आपली पितळी लेन्स पुसत बसले.

सुरुवातीला त्यांचंच खरं ठरायची वेळ आली. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर बघून मी डोळे अगदी बरोबर जुळवायचो. पण मग प्लेट घालायची, तिचं झाकण ओढायचं, फुग्यापाशी यायचं. तेवढ्यात गिऱ्हाईक बोटभर पुढे सरकलेलं असे आणि फोटोत नाकाचा शेंडा लखलखीत, बाकी माणूस कुठे तरी मागे राहिलेला. एका तालमीतला नामांकित पैलवान आला. त्याचे डोळे मी नशिबाने इतके सुरेख टिपले की पापणी न पापणी मोजावी. फोटो बघून तो गडी रडकुंडीला आला.

"मास्तर, माजं कान कुटं गेलं?"

"आहेत की. जरा धूसर आलेत. डोळे बघा ना कसे आलेत."

"डोळं काय, शेळीला बी असत्यात. ही कानं बगा," असं म्हणून त्याने कुस्त्यांत चुरगळून वड्यासारखे झालेले दोन्ही कान पुढे केले. "जल्माची कमाई हाय ही. तोंड न्हाई आलं तरी चालंल, पर कान पायजेल."

मी त्याला आडवा बसवला आणि कानावर नेम धरला. कानाची सुरकुती न सुरकुती आली, चेहरा धुक्यात. पैलवान खूश. तो फोटो त्यांच्या तालमीत बरीच वर्षं होता आणि नवी पोरं त्याला हात लावून आखाड्यात उतरायची, असं मी ऐकलं.

या सरकणाऱ्या माणसांवरचा उपाय माझ्या बायकोने काढला. मालती एकदा माडीवर जेवणाचा डबा घेऊन आली आणि माझी चिडचिड बघून म्हणाली, "अहो, सरळ माप घ्या ना. शिंपी घेतो की नाही?" तिने सुतळीचा तुकडा लेन्सखाली बांधला आणि दुसऱ्या टोकाला गाठ मारली. कॅमेरा त्या गाठीवर कायमचा जुळवून ठेवायचा. सगळी तयारी झाली की शेवटच्या क्षणी गाठ माणसाच्या डोळ्याच्या कोपऱ्याला टेकवायची, सुतळी सोडायची आणि फुगा दाबायचा. सोपं. पण बायकांच्या डोळ्याला मी कसा हात लावणार? म्हणून सुतळी धरायला मालतीच येऊ लागली आणि धंदा दुप्पट झाला. त्याला कारण आमची लेन्स नव्हती. नगरला एक बाई सुतळीने दृष्ट काढते, अशी बाजारात आवई उठली होती. आया किरकिरी मुलं घेऊन यायच्या, सुतळी लावून घ्यायच्या आणि आलोच आहोत तर फोटोही काढू म्हणायच्या. मालती नाही म्हणायची नाही. मुलं रडायची थांबत, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तरीही एक चूक राहिलीच आणि ती त्या लेन्सपुढे बसणारा जो तो करायचा. एवढी मोठी काळीभोर काच, तिच्यात समोरच्याला आपलं चिमुकलं रूप दिसे. खेड्यातल्या घरी आरसा असला तर कुंकू लावण्यापुरता. सुतळी सोडली की माणूस नकळत पुढे वाकायचा, आत काय दिसतंय म्हणून. मालती दर वेळी खांदे धरून त्यांना मागे बसवायची.

हात बसल्यावर मी गयाबाईंना निरोप धाडला. त्या आल्या. तब्येत उतरली होती, जिन्यात दोनदा थांबल्या, पण तोंड तेच.

"अजून हाय मी," उस्तादांना बघून म्हणाल्या. "तुजा बुरूश वाळला का?"

उस्ताद हसले आणि कोपऱ्यात स्टुलावर बसले. या लेन्सने त्यांनी तोवर एकही फोटो काढला नव्हता. मालतीने सुतळी टेकवली, सोडली. मी फुग्याकडे हात नेतो तोच बाई पुढे आल्या.

"आत कोन हाय गं?"

"आजी, मागे बसा."

त्या मागे बसल्या. पुन्हा सुतळी, पुन्हा बाई पुढे. इतर लोक बोटभर सरकत, या वीतभर यायच्या. प्लेटमागून प्लेट वाया गेली. मालतीने खांदे धरले तर मानेचा कंप वाढला. किसन घामाघूम झाला. आज जमायलाच हवं होतं, कारण ही बाई पुन्हा एवढा जिना चढून येईल असं मला वाटेना.

तेव्हा स्टुलावरून उस्ताद मालतीला म्हणाले, "बेटा, तिला मागे ओढू नकोस. ती जिथं येते, तिथं तू थांब."

एवढी साधी गोष्ट! मालतीने बाईंना मनसोक्त पुढे वाकू दिलं आणि त्या जिथे थांबल्या तिथपर्यंतची सुतळी मोजून नवी गाठ मारली. मी कॅमेरा त्या गाठीवर जुळवला, प्लेट घातली. फुगा दाबायला वळलो तर तो उस्तादांच्या हातात होता.

"आत कोण दिसतंय, आजी?" मालतीने विचारलं.

बाई पुढे आल्या. डोळे मोठे झाले. "म्हातारी हाय एक. माज्याकडंच बगतीया."

पडदा सर्रकन खाली गेला. मान हलतच होती, पण त्या पडद्यापुढे तिची काय मात्रा चालणार! अंधाऱ्या खोलीत काच धुतली, लाल दिव्यापुढे धरली आणि मी ओरडलोच. उस्ताद बाहेरून विचारत होते, "आले? आले का?" दोन डोळे आले होते, स्वच्छ, सुरकुत्यांच्या मध्ये, कुतूहलाने भरलेले. धंद्यात पुढे मी पुष्कळ चांगले फोटो काढले, पण तसा आनंद मला परत झाला नाही.

उस्ताद मात्र किसनकडे बघत होते.

"माई, याचे डोळे कुणावर गेले?"

"बापावर. आजून काय! हसला की तसंच बारीक व्हत्यात."

"मग हसवा त्याला, माई."

किसन लाजाळू. लेन्सपुढे बसवला तर दगड झाला. मग गयाबाईंनी सुरू केलं, की हा लहानपणी गुळाच्या मडक्यात तोंड अडकवून कसा बसला होता आणि बाप त्याला पाय धरून कसा ओढत होता. आधी मालती हसली, मग मी आणि शेवटी किसनला राहवेना. त्याचे घारे डोळे बारीक झाले आणि उस्तादांनी फुगा दाबला. हसणारा माणूस आमच्या स्टुडिओत तोवर कधी फोटोत आला नव्हता. जुन्या लेन्ससमोर हसू टिकवायचं म्हणजे जबडा दुखायचा.

बाईंच्या परवानगीने किसनने नंतर यजमानांची फ्रेम आमच्याकडे आणून ठेवली. ओल्या कापसाने उस्तादांनी जुने डोळे पुसले, तेव्हा खालून मिटलेल्या पापण्या वर आल्या. उस्तादांनी कापूस खाली ठेवला. "किती जणांच्या घरात मी न विचारता जाऊन बसलो, बेटा," असं म्हणाले आणि मला वाईट वाटलं. मग त्यांनी किसनचा फोटो समोर टेकवला आणि ब्रश उचलला. हातआरसा पालथाच होता.

फ्रेमा पोचवायला आम्ही दोघेही गेलो. रेल्वेने राहुरी आणि तिथून किसनच्या बैलगाडीत. उस्तादांनी वाटभर फ्रेमा मांडीवर धरल्या होत्या. घरात शिरल्यावर जुन्या खिळ्यावर यजमान आणि शेजारी नव्या खिळ्यावर बाई, अशा किसनने दोन्ही फ्रेमा टांगल्या.

गयाबाई आधी स्वतःच्या फोटोपुढे उभ्या राहिल्या. "व्हय, ही मीच," एवढंच म्हणाल्या. मग शेजारी सरकल्या. घारे डोळे, कोपऱ्यात बारीक झालेले, हसू आवरत असल्यासारखे. बाईंनी फ्रेम नीट न्याहाळली. मान तेवढी हलत होती. मला वाटलं, आवडलं नाही. उस्तादांचा चेहरा उतरला.

"भाईर बसा रं समदे," बाई एकदम म्हणाल्या.

आम्ही ओट्यावर येऊन बसलो. किसन काय झालंय ते बघायला आत गेला आणि क्षणात परत येऊन त्याने दार ओढून घेतलं. त्याला हसू आवरत नव्हतं आणि डोळेही भरले होते.

"काय म्हणते माई?" उस्तादांनी घाबरत विचारलं.

"काय न्हाई. पदर सोडून, तेलाची वाटी घेऊन बसलीया. म्हंती, परक्या मानसांनी आत यायचं न्हाई, घरचं मानूस आलंय."

उस्तादांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग ते मांडीवर थापा मारत मोठ्याने हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि मला म्हणाले, "ऐकलंस? मी परका! चल, एका भिंतीवरून तर सुटलो."